सात वर्षांच्या मुलाला भिंतीवरचं घड्याळ का जमत नाहीये, आणि सुरुवात लहान काट्यापासून का करायची

तुमचा प्रश्न असा आहे की मुलाला सात पूर्ण झाली, मोबाईलवरचं डिजिटल घड्याळ तो धडाधड वाचतो, पण भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं की गप्प होतो. "पावणेसहा वाजलेत" म्हटलं तर सहा वाजून गेले असं समजतो, आणि वर्गातल्या बऱ्याच मुलांना येतं म्हणून तुम्हाला काळजी वाटतेय की याला उशीर झालाय का आणि घरी नेमकं कसं शिकवायचं. मी बावीस वर्षं प्राथमिकच्या मुलांना गणित शिकवतेय, त्यातली बरीच वर्षं आकड्यांशी झगडणाऱ्या मुलांबरोबर एकेकाला घेऊन बसलेय, आणि घड्याळ हा माझा अगदी जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यामुळे उत्तर लांब होणार, सवडीने वाचा.

आधी काळजीचं सांगते. उशीर झालेला नाहीये. इंग्लंडच्या शाळांचा अभ्यासक्रम बघा, पाच-सहा वर्षांच्या मुलांकडून फक्त पूर्ण तास आणि अर्धा तास अपेक्षित आहे, सहा-सात वर्षांना पाव, पाऊण आणि पाच-पाच मिनिटांचे टप्पे, आणि मिनिटापर्यंत अचूक वाचणं त्याच्याही पुढच्या वर्षी. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत पहिलीला तास आणि अर्धा तास, दुसरीला पाच मिनिटं, तिसरीला एकेक मिनिट. म्हणजे ज्यांनी विचार करून हे आखलंय ते एका घड्याळाला तीन वर्षं देतायत, आणि घरी आपण सुट्टीतल्या एका आठवड्यात सगळं उरकायला बघतो, तास मिनिटं सव्वा साडे सगळं एकदम, आणि मग मूल गोंधळलं की म्हणतो याचं लक्षच नाही.

आता हे एवढं अवघड का जातं ते समजून घेऊ, कारण ते समजलं की शिकवायचा क्रम आपोआप लक्षात येतो.

वेळ कळणं आणि घड्याळ वाचता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेळेची जाण फार लवकर येते, सहा महिन्यांच्या बाळालासुद्धा एक आवाज दुसऱ्याच्या दुप्पट लांबला तर फरक कळतो. तीन-चार वर्षांचं मूल आधी काय आणि नंतर काय हे सांगतं, आंघोळ झाली की कपडे, मग बाहेर. पण "काल" हा शब्द त्याच्यासाठी झालेल्या सगळ्याच गोष्टींना लागतो, मागच्या महिन्यातली सहलसुद्धा "काल"च असते. आणि आपल्या भाषेत "परवा" तर दोन्हीकडे चालतो, होऊन गेलेला परवा आणि येणारा परवा, त्यामुळे पाच-सहा वर्षांचं मूल त्यात अडखळलं तर त्यात त्याची काहीच चूक नाही. हे सगळं घड्याळाशिवायचं शिक्षण आहे आणि ते बोलण्यातूनच होतं.

खरी अडचण पुढे आहे. १९२८ साली डाव्होसला आइन्स्टाइनने स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजेला विचारलं होतं की मुलांच्या मनात आधी वेळ येते की वेग? त्यावर पियाजेने पुढे बरीच वर्षं मुलांबरोबर प्रयोग केले. त्यातला एक साधासा प्रकार तुम्ही घरी करून बघा. दोन खेळण्यातल्या गाड्या एकदम सोडायच्या आणि एकदम थांबवायच्या, फक्त एक जोरात न्यायची आणि एक हळू, म्हणजे थांबताना एक बरीच पुढे गेलेली असेल. मग विचारायचं, कोणती गाडी जास्त वेळ चालली? पाच-सहा वर्षांची बरीच मुलं पुढे गेलेल्या गाडीकडे बोट करतात. एकदम सुटल्या, एकदम थांबल्या हे त्यांनी स्वतः बघितलेलं असतं, तरी. त्यांच्या लेखी लांब गेली म्हणजे जास्त वेळ गेली. हे सात-आठच्या आसपास हळूहळू सुटत जातं, कुणाचं आधी कुणाचं नंतर.

आता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघा. दोन काटे एकाच वेळी चालतायत, एक तासाभरात अख्खी चक्कर मारतो आणि दुसरा तेवढ्याच वेळात एका आकड्यावरून जेमतेम पुढच्या आकड्यावर जातो. म्हणजे त्या दोन गाड्याच आपण भिंतीवर टांगल्यात! ज्या वयात मुलाला अंतर आणि वेळ वेगळे करता येत नाहीत त्याच वयात आपण त्याला म्हणतो, दोघांकडे बघ आणि दोघं मिळून काय सांगतायत ते सांग. शिवाय आकडे एकच, अर्थ दोन. ४ वर लहान काटा असेल तर चार, मोठा असेल तर वीस, आणि ते वीस कुठेही लिहिलेलं नसतं. आणि मुलाच्या जगात मोठा म्हणजे महत्त्वाचा, इथे मात्र मोठा काटा लहान गोष्ट सांगतो आणि लहान काटा मोठी.

म्हणून माझी पद्धत अशी आहे की पहिला महिना मोठा काटा काढूनच टाकायचा. अगदी खरोखर काढायचा. घरात एखादं जुनं चालू घड्याळ असेल तर त्याची काच काढा, सेकंद काटा अलगद वर ओढला की निघतो, मध्ये बारीकसा नट असेल तर तो सोडवा, मग मोठा काटा निघतो, लहान तसाच राहू द्या, सेल घाला, घड्याळ चालूच राहतं. हे माझ्या मनातलं खूळ नाहीये हां. सुरुवातीची यांत्रिक घड्याळं एकाच काट्याची असायची. १६५६ साली हॉयगन्स या डच शास्त्रज्ञाने लंबकाचं घड्याळ केलं, तेव्हापासून घड्याळं इतकी नेमकी चालायला लागली की मिनिट दाखवण्यात काही अर्थ आला, आणि त्यानंतर मिनिट काटा सर्रास दिसायला लागला. त्याआधी शेकडो वर्षं लोकांनी एका काट्यावर दिवस काढलेत, मुलाला एक महिना काढू द्या.

एका काट्याच्या घड्याळावर काय बोलायचं? "बरोबर चार." "चारच्या जरा पुढे गेलाय." "चार आणि पाचच्या मधोमध आहे." "पाचला टेकतोच आहे." बस एवढंच. मी चार ते पाचच्या मधल्या जागेला चारचं घर म्हणते, काटा पाचवर पोचेपर्यंत तो चारच्याच घरात आहे, कितीही पुढे आला तरी. हे एकदा पक्कं झालं की पुढची सगळ्यात मोठी चूक होतच नाही, ती म्हणजे ४:५५ ला लहान काटा पाचच्या अगदी जवळ दिसतो म्हणून मुलं "पाच पंचावन्न" वाचतात. ही चूक मी दहा-अकरा वर्षांच्या मुलांचीसुद्धा बघितलीये, आणि प्रत्येक वेळी कारण एकच, लहान काट्यावर कुणी वेळच दिला नव्हता, सगळा भर मिनिटांवर.

दिवसातून पाच-सहा वेळा सहज बोलता बोलता विचारा, काटा कुठाय रे? परीक्षा घेतल्यासारखं नको, आणि चारचौघांत "सांग बघू किती वाजले" तर अजिबात नको. चुकण्याची लाज एकदा बसली की मूल घड्याळाकडे बघणंच सोडून देतं आणि मग ती भीती काढायला मला महिने लागतात.

इथे एक गोष्ट फार कळकळीने सांगते. ती पुठ्ठ्याची किंवा प्लास्टिकची शिकवायची घड्याळं मिळतात ना, ज्यात दोन्ही काटे सुटे फिरतात, ती घेऊ नका. त्यात मुलं साडेतीन दाखवताना लहान काटा बरोबर ३ वर ठेवतात आणि मोठा ६ वर, आणि आपण "शाब्बास" म्हणतो. अशी वेळ खऱ्या घड्याळात कधीच येत नाही. लहान काटा साडेतीनला तीन आणि चारच्या मधोमध असतो, कारण मोठा तासाभरात ३६० अंश फिरतो तेव्हा लहान ३० अंश सरकतो, अर्ध्या तासात १५. मुलाला अंश सांगायची गरज नाही पण तुमच्या डोक्यात हे असू द्या. त्याऐवजी मागे वेळ लावायची चावी असलेलं जुनं गजराचं घड्याळ द्या, ज्यात एक फिरवला की दुसरा सरकतो.

मला एक आठ वर्षांची मुलगी आठवते, घड्याळ म्हटलं की तिचे डोळे भरून यायचे. मी काहीच शिकवलं नाही, असं एक गजराचं घड्याळ तिच्या हातात दिलं आणि म्हटलं फिरव. ती मागची चावी फिरवत बसली, आधी भराभर, मग हळू, मग तिने चेहरा अगदी डायलच्या जवळ नेला आणि मोठा काटा बाराला आला की थांबायची, लहान काट्याकडे बघायची, परत एक चक्कर, परत थांबायची. असं तिने सात की आठ वेळा केलं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "हा एवढा पळतो तेव्हा कुठे हा एक घर जातो." मी गप्प बसले. तिला जे हवं होतं ते तिला सापडलं होतं, त्यावर माझ्या शब्दांची गरज नव्हती.

आता तुमच्या मुलाच्या पावणेसहाकडे येते.

आपले वेळेचे शब्द फार सुंदर आहेत पण मुलासाठी ते एक वेगळंच गणित आहे. सव्वा म्हणजे पाव जास्त, साडे म्हणजे अर्धा जास्त, आणि पावणे म्हणजे पाव कमी, हा शब्द संस्कृत पादोनवरून आलाय, पाद म्हणजे चौथा भाग आणि ऊन म्हणजे कमी. म्हणजे तीनपैकी दोन शब्द होऊन गेलेल्या तासाचं नाव घेतात आणि तिसरा अजून न झालेल्या तासाचं. मुलाला "पावणेसहा"मध्ये ऐकू काय येतं? सहा. आणि तो मोबाईलवर बघतो तर ५:४५, त्यात सहा कुठेच नाही! तुमचा मुलगा जे करतोय ते अगदी सरळ आहे, त्याने सव्वासहा आणि साडेसहावरून नियम शोधलाय की आकड्याच्या आधी काही लागलं की सहा होऊन गेले, आणि तोच नियम तो पावणेला लावतोय.

उपाय परत लहान काटाच. काटा सहाला टेकायला आलाय पण टेकला नाहीये, हे दाखवून म्हणा, "पावणे म्हणजे अजून पोचला नाही." दाराकडे चालत जा आणि दाराच्या थोडं आधी थांबा, "आपण दारात पोचलो का? नाही ना, थोडं राहिलंय, तसं." माझा क्रम असा असतो की आधी पूर्ण तास, मग मधोमध म्हणजे साडे, ते बसल्यावर सव्वा, आणि पावणे सगळ्यात शेवटी, मध्ये दोन-तीन आठवडे गेले तरी चालतील. सव्वा आणि पावणे एकाच दिवशी शिकवलं तर ते हमखास एकमेकांत मिसळतात.

आणि मुलं "साडेएक" किंवा "साडेदोन" म्हणतील. हसू नका. ज्या मुलाने साडेएक म्हटलं त्याला साडेचा नियम पक्का कळलाय, त्याने तो स्वतः पुढे लावून बघितलाय, फक्त दीड आणि अडीच ही दोन वेगळी नावं त्याला माहीत नाहीत. त्याला सांगायचं, तुझं बरोबर आहे, पण या दोघांना स्वतःची नावं आहेत. तेच १२:४५ च्या "पाऊण वाजला"चं आणि १:१५ च्या "सव्वा वाजला"चं, त्यात पुढे आकडाच नसतो, ते अगदी शेवटी घ्या, बोलण्यातून आपोआप येतं. "एक वाजला" पण "दोन वाजले", हेही ऐकून ऐकूनच बसतं, दुरुस्त करत बसू नका.

मोठा काटा परत लावायचा तो केव्हा? मुलाला पाच-पाचच्या टप्प्याने साठपर्यंत न अडखळता मोजता आलं की. त्याआधी नाहीच. आणि तेव्हाही थोडे दिवस लहान काटा कागदाने झाकून फक्त मोठ्यावर मोजायचं, बारापासून सुरुवात, बारा म्हणजे शून्य. हे शून्य कुठेच लिहिलेलं नाही आणि ते मुद्दाम सांगावं लागतं, नाहीतर बरोबर तीन वाजता मुलं "तीन वाजून बारा मिनिटं" म्हणतात. आकड्यांच्या बाहेर ५, १०, १५ असं लिहून चिकटवलं तरी चालेल, नंतर एकेक चिठ्ठी काढत जायची, पहिल्यांदा १५, ३०, ४५ च्या काढा कारण ते आधी पाठ होतात. मराठी आकड्यांची आणखी एक अडचण इथे येते, पस्तीसमध्ये पाच आधी ऐकू येतो आणि एकोणचाळीसमध्ये चाळीस ऐकू येतो पण असतात ३९. मूल मिनिटं चुकत असेल तर एकदा बघा की ते घड्याळात चुकतंय की आकडा वाचण्यातच चुकतंय. माझ्याकडे "घड्याळ येत नाही" म्हणून आलेली कितीतरी मुलं खरं म्हणजे वीस ते साठ या आकड्यांतच अडकलेली होती.

मुलं विचारतात की साठच का, शंभर का नाही. खूप छान प्रश्न आहे, टाळू नका. प्राचीन बॅबिलोनियातले लोक साठच्या पटीत मोजायचे, आणि साठचे २, ३, ४, ५, ६ कितीही समान भाग पाडा, काही उरत नाही, म्हणून अर्धा, पाव, पाऊण सगळं सरळ येतं. शंभराचे तीन भाग पाडून दाखवा, लगेच पटतं. आणि काटे याच दिशेने का फिरतात तर उत्तर गोलार्धात सपाट छायाघड्याळाची सावली या दिशेने फिरते, हे उन्हात काठी रोवून सकाळ ते संध्याकाळ खुणा करून दाखवता येतं.

साठचा खरा त्रास किती वेळ गेला हे काढताना होतो. ९:४५ नंतर अर्ध्या तासाने किती वाजतील, तर मुलं ९:७५ लिहितात. किंवा ५:४० ला सुरू झालेलं ६:२५ ला संपलं, तर खाली खाली मांडून वजाबाकी करतात आणि ८५ मिनिटं येतात. इथे उभी वजाबाकी करूच देऊ नका. एक आडवी रेघ काढा, ५:४० वरून उडी मारून सहावर जा, वीस झाली, मग सहावरून २५, मिळून ४५. पुढच्या पूर्ण तासावर उडी मारायची ही सवय लागली की हे गणित मुलं तोंडी करतात. पण हे आठ-नऊ वर्षांचं काम आहे, आत्ता तुमच्या मुलाला नको. चोवीस तासांचं घड्याळही नंतर.

आत्ता काय हवं तर पाच मिनिटं म्हणजे किती हे अंगात भिनायला हवं. आपण दिवसभर म्हणतो "पाच मिनिटं थांब, आले", आणि कधी दोन मिनिटांत येतो कधी पंचवीस. मुलासाठी मग पाच मिनिटं हा काळ उरतच नाही, तो फक्त थांबण्याचा हुकूम असतो. माझी मनापासून विनंती आहे, पाच मिनिटं म्हणाल तेव्हा खरी पाच मिनिटंच असू द्या, टायमर लावा, वाळूचं घड्याळ उलटं करा, आणि तेवढी नक्की माहीत नसतील तर "काम झालं की येते" म्हणा. एक खेळ पण खेळा, डोळे मिटून बसायचं आणि एक मिनिट झालं वाटलं की हात वर करायचा. पहिल्यांदा मुलं पंधरा-वीस सेकंदांतच हात वर करतात, रोज खेळलं की हळूहळू जवळ येतात, आणि मोठ्यांनीही बरोबर खेळावं.

डिजिटलला मी वाईट म्हणत नाही. पण ३:५८ बघून "तीन वाजलेत, अजून खूप वेळ आहे" म्हणणारं मूल आकडे वाचतंय, वेळ नाही. गोल घड्याळात चार यायला किती कमी जागा उरलीये ते दिसतं, गेलेलं आणि उरलेलं दोन्ही एकदम दिसतं, म्हणून ते शिकवायचं. दोन्ही शेजारी शेजारी ठेवा, त्याला डिजिटल येतंय तर त्याचाच आधार घ्या.

काळजी केव्हा करायची? नऊ-दहा वर्षांपर्यंत शांतपणे, सलग शिकवूनही पूर्ण तास आणि साडे जमत नसेल, आणि त्याच्या जोडीला लहान बेरजा बोटांशिवाय होत नसतील, कोणती संख्या मोठी हे पटकन कळत नसेल, आठवड्याचे वार आणि महिने क्रमाने येत नसतील, तर एकदा डोळे तपासून घ्या आणि मग शिकण्यातल्या अडचणींच्या तज्ज्ञांना दाखवा, डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे आकडे आणि गणित शिकण्यातली अडचण, असू शकतो आणि त्यावर चांगलं काम करता येतं. नुसतं घड्याळ येत नाही एवढ्यावरून मात्र काहीच ठरत नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमच्या मुलाचे आकडे उत्तम आहेत, त्यामुळे मला इथे तसं काही दिसत नाही.

तेव्हा या आठवड्यात फक्त जुनं घड्याळ शोधा आणि मोठा काटा काढून एका डबीत ठेवा. पावणे हा शब्द तुम्हीही त्याच्याशी बोलताना काही दिवस वापरू नका, "सहाला थोडं कमी" म्हणा. एक दिवस तो लहान काट्याकडे बघून तुम्ही न विचारताच म्हणेल, "अजून सहाला टेकला नाहीये." त्या दिवशी त्याला सांगा की यालाच पावणेसहा म्हणतात, आणि पाच-पाचने साठपर्यंत मोजता यायला लागलं की डबीतला काटा त्याच्याच हाताने परत लावायला घ्या.